मुराळी

हंगाम संपत आला की आमच्या इथल्या, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर लहान मुलांची एक गमतीची स्पर्धा असते. आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यामुळे गोल मोजायचे नाहीत असं ठरलेलं असतं. बाप लोक मनातल्या मनात मोजतातच. नेहमीच्या टीम मोडून त्या दिवसापुरते नवे संघ करतात आणि त्यांना देशांची नावं देतात. गेल्या मार्चमध्ये, स्पर्धेच्या आठवडाभर आधी, टेबलावर जर्स्यांचे गठ्ठे मांडून ठेवले होते. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, झेकिया, फिनलंड. मुलांनी रांगेनं यायचं आणि हवी ती उचलायची. माझ्या लेकीचा नंबर आला तेव्हा गठ्ठे सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाल्या, सॉरी हं, भारताची नाहीये आमच्याकडे. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. उलट आपल्याकडून कुणी राहून तर गेलं नाही ना, याचीच त्यांना काळजी. लेकीनं मात्र त्यांचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तिनं सरळ फिनलंडची निळी जर्सी ओढली. का, तर तिच्यावर सिंह होता.

गाडीत बसल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अमेरिकेची का नाही घेतलीस गं?" म्हणाली, "त्याच्यावर नुसती अक्षरं होती." मग मला राहवेना. "आणि इंडियाची असती तर?" "त्याच्यावर सिंह असतो?" म्हटलं, जर्सीवर नसतो, पण नोटेवर असतो, पासपोर्टावर असतो. खरे चार असतात, दिसतात तीन. मागच्या सीटवर थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "चौथा का लपलाय?" लपला नाहीये, तो मागच्या बाजूला आहे, एवढं मी सांगितलं, आणि तोवर आमचं वळण आलं. विषय तिच्यापुरता तिथे संपला. मला मात्र तो आठवडाभर पुरला. तिनं अमेरिकेची उचलली असती तर मला बारीकसा चिमटा बसला असता, हे मी जाणून आहे. भारताची असती आणि तिनं ती तशीच ठेवली असती तर त्याहून मोठा बसला असता. म्हणजे फिनलंड हे सगळ्यात सोयीचं उत्तर. तरीही माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो 'अमेरिकेची का नाही' हा. जणू त्या बाई काय म्हणतील, आपण इथलं मीठ खातो तर निदान जर्सी तरी.

मला नक्की कुणाची बाजू घ्यायची होती?

रिंकचा एक वास असतो, तो सवयीनं आवडायला लागतो. ओले ग्लोव्हज, रबराच्या मॅटा, कालचे पॉपकॉर्न आणि त्या सगळ्यावर बर्फाचा कोरा, लोखंडासारखा गारवा. पहाटे साडेसहाला झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, संथपणे गोल गोल फिरत बर्फावर पाण्याचा हात फिरवून जाते, शेणानं सारवलेल्या अंगणासारखा तो बर्फ मिनिटभर ओला चमकतो, आणि मग त्यावर पाऊल टाकायला पोरं दारात खोळंबलेली असतात. मी गुडघ्यावर बसून स्केटच्या नाड्या आवळत असते. नऊवारीचा काष्टा आवळावा तशी ती नाडी जोर लावून ओढावी लागते, सैल राहिली तर घोटा मुरगळतो. माझी बोटं थंडीनं फाटलेली, त्यांना कोकम तेल. सांगलीत वाढलेल्या बाईनं हे सगळं कशासाठी करावं, असं पहिल्या वर्षी रोज वाटायचं. आता वाटत नाही. मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या उत्तरेकडच्या या उपनगरांत हॉकीला 'आइस' लावायची पद्धत नाही. नुसतं हॉकी म्हणतात. आपली हॉकी सांगायची तर मलाच 'गवतावरची' असं म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना उगाच ध्यानचंदांची माफी मागावीशी वाटते.

इथून पंधरा मिनिटांवर व्हॅडनेस हाइट्स आहे. तिथल्या ब्रँट बहिणींची गोष्ट रिंकवरच्या आयांना पाठ असते. मरिसा दक्षिण कोरियात जन्मली आणि चार महिन्यांची असताना या घरात दत्तक आली. दत्तकाची कागदपत्रं चालू असतानाच आईला दिवस गेले होते, हॅना झाली. दोघींमध्ये अकरा महिन्यांचं अंतर. मरिसा आधी फिगर स्केटिंग करायची, मग बहिणीसोबत राहायला मिळावं म्हणून हॉकीत आली. आईवडील दोघींना कोरियन संस्कृतीच्या शिबिराला पाठवत, आणि तिथे रमायची हॅना. मरिसाला इतरांपेक्षा वेगळं दिसायचं नसायचं. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कॉफी तशीच राहिली. रविवारच्या मराठी शाळेत आमची लेक कशी बसते ते मला माहीत आहे ना. शेजारची गोरी मैत्रीण एकदा हौसेनं सोबत आली होती, तिनं 'ळ' म्हणायचा इतका सराव केला की बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. आमची खिडकीबाहेर बघत होती.

तर २०१८ साली प्योंगचांगला ऑलिम्पिक झालं. हॅना अमेरिकेच्या संघात होती. मरिसाला कोरियाकडून विचारणा झाली होती. तिनं कोरियाचं नागरिकत्व परत मिळवलं आणि पाठीवर जन्माच्या वेळचं नाव लावून उतरली, पार्क यून-जुंग. एकाच जेवणाच्या टेबलावर वाढलेल्या दोघी, एकाच ऑलिम्पिकमध्ये, दोन देशांकडून.

माझी आई सांगलीची सून, माहेर तासगावजवळचं. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून जुनं नाव बंद झालं. रेशनकार्डावर नवं, बँकेत नवं, आमच्या शाळेच्या दाखल्यावर नवं. जुनं नाव फक्त एका माणसाच्या तोंडी उरलं, मामाच्या. दिवाळीत तो मुराळी म्हणून, म्हणजे तिला माहेरी न्यायला, यायचा. एसटीतून उतरून, धोतराचा सोगा सावरत, हातात पिशवी आणि पिशवीत बेदाणे. दारातूनच हाक मारायचा, "कुसे!" आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो, ही कुसे कोण? आणि स्वयंपाकघरातून जी बाई बाहेर यायची ती आमची आई नसायचीच क्षणभर. तिची चाल बदललेली असायची. आजीला, म्हणजे तिच्या सासूला, ते फारसं आवडायचं नाही हेही आठवतं. "आलं वाटतं मूळ, माहेरचं बोलावणं," म्हणायची आणि जपमाळ जोरात ओढायची. एका वर्षी मामा आलाच नाही. जमिनीवरून काहीतरी बिनसलं होतं. आईनं भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत चार वेळा अंगण झाडलं. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "छाटणीची गडबड आहे हो त्यांच्याकडे." द्राक्षांची छाटणी त्या वर्षी बारा दिवस आधीच झाली होती, हे मला कळत होतं.

देश निवडणाऱ्या खेळाडूंबद्दल वाचते तेव्हा मला हेच डोळ्यांपुढे येतं. बोलताना सगळे निष्ठेबद्दल बोलतात, रक्ताबद्दल बोलतात. पण बहुतेक गोष्टींच्या मुळाशी साधा प्रश्न असतो, मुराळी कुणी धाडला?

ब्रेट हलचंच घ्या. जन्म कॅनडातल्या ऑन्टारिओचा, बाप बॉबी हल, म्हणजे कॅनडाच्या हॉकीतलं केवढं मोठं नाव. आई अमेरिकन, म्हणून दोन्हीकडचं नागरिकत्व. १९८६ साली जागतिक स्पर्धेच्या वेळी कॅनडानं या पोराला विचारलं नाही, अमेरिकेनं विचारलं. तो गेला. आणि मग कायमचाच गेला, कारण आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धेत एकदा एका देशाची जर्सी घातली की सहजी बदलता येत नाही. आताचा नियम असा, की बदलायचंच असेल तर नव्या देशाचं नागरिकत्व हवं, तिथल्या लीगमध्ये सलग चार वर्षं खेळायला हवं, आणि हे अख्ख्या आयुष्यात एकदाच. घटस्फोटापेक्षा कडक! पुढे १९९६ च्या वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीत हल कॅनडाविरुद्ध उभा राहिला. मॉन्ट्रियलमधला तिसरा, निर्णायक सामना, शेवटची काही मिनिटं, कॅनडा २-१ नं पुढे. हलच्या काठीला लागून पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, आत गेला. काठी गोलच्या दांडीच्या वर होती, म्हणजे गोल धरायलाच नको होता, असं म्हणणारे कॅनडात खूप. अमेरिकेनं सामना ५-२ नं मारला आणि त्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर हलचे. कॅनडावाल्यांनी त्याला गद्दार म्हणून हिणवलं. ज्यांनी मूळ धाडलं नाही, त्यांनीच अंगणात उभं राहून विचारायचं की गेलीस का म्हणून.

यात मला जास्त चटका लावून जातो तो बाप. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघाची ती गाजलेली आठ सामन्यांची मालिका झाली तेव्हा बॉबी हल भरात होता. पण त्यानं नुकताच नव्या, प्रतिस्पर्धी लीगशी करार केला होता, म्हणून त्याला राष्ट्रीय संघात घेतलं नाही. तो कॅनडाचा, कॅनडातच राहणारा, तरीही दार बंद. मुलाच्या निर्णयात बापाच्या त्या बंद दाराचा वाटा होता का, कोण जाणे. मी आपलं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघते. आईनंही नंतर, मामा पुन्हा यायला लागल्यावर, कधी त्या एका वर्षाबद्दल विचारलं नाही. पण बेदाण्यांची पिशवी ती आता लगेच उघडायची नाही. दोन दिवस फडताळात तशीच पडायची.

प्योंगचांगकडे परत येते, कारण त्या दिवसांत मी रात्री जागीच असायची. लेक वर्षाची होती, दात येत होते. १४ फेब्रुवारीला मध्यरात्र उलटून गेल्यावर, तिला खांद्यावर टाकून, आवाज बंद करून मी कोरिया-जपान सामना बघितला. तोवर कोरियाचा संघ संयुक्त झालेला होता: दक्षिणेच्या तेवीस मुली आणि ऐन वेळी राजकारण्यांनी घुसवलेल्या उत्तरेच्या बारा. प्रशिक्षक सारा मरे, कॅनडाची. पांढऱ्या झेंड्यावर निळा अख्खा कोरिया, आणि राष्ट्रगीताऐवजी 'आरिरांग' हे लोकगीत. दक्षिणेच्या मुली हॉकीतले शब्द इंग्रजी वापरत, उत्तरेच्या मुली शुद्ध कोरियन. एकाच भाषेच्या मुलींना एकमेकींसाठी शब्दांची यादी करावी लागली. (आमच्या मराठी मंडळात पुण्याचे आणि नागपूरचे एकत्र नाटक बसवतात तेव्हाही अशी एखादी यादी बरी पडेल.) पहिले दोन सामने ०-८, ०-८ असे हरलेले. जपानविरुद्धही दोन गोल खाऊन झालेले. आणि मग दुसऱ्या सत्रात रँडी हीसू ग्रिफिन नावाच्या मुलीनं मारलेला, काही फार जोराचा नसलेला फटका गोलकीपरच्या पायांमधून सरकत आत गेला. ऑलिम्पिकमधला कोरियाचा पहिला गोल. ग्रिफिन नॉर्थ कॅरोलायनाची, आई कोरियन. तिला पास दिला होता पार्क यून-जुंगनं, म्हणजे आमच्या शेजारच्या गावच्या मरिसानं. सामना १-४ असा गेला, पण तो पक हॉकीच्या हॉल ऑफ फेमकडे रवाना झाला. मी अंधारात एकटीच रडत होते आणि का ते मला सांगता आलं नसतं. लेकीनं खांद्यावर लाळ गाळून ठेवली होती. आठवड्याभरानं हॅनाच्या अमेरिकेनं कॅनडाला शूटआउटमध्ये हरवून सुवर्ण घेतलं, तेही पाहिलं. ते छान होतं. रडू नाही आलं.

अर्थात सगळेच मुराळी मायेनं येत नाहीत. काही दिवाळीला येतात, काही उन्हाळ्यात पापड लाटायला हात कमी पडतात म्हणून येतात. कोरिया यजमान होता, पुरुषांचा संघ ऑलिम्पिकला कधी पोचलेला नव्हता, घरच्या मैदानावर शोभा व्हायला नको होती. म्हणून कॅनडा-अमेरिकेचे सात जण रीतसर नागरिक करून घेतले. गोलकीपर मॅट डाल्टन त्यातलाच, ऑन्टारिओचा गडी. चार वर्षांनी बीजिंगला चीननं हेच केलं आणि वर नावंही बदलली. मिशिगनचा जेरेमी स्मिथ यादीत 'जिएरुइमी शिमिसी' झाला, आणि अमेरिकेनं त्याच्यावर आठ गोल चढवले. संघात जेक चेलिओस होता. त्याचे वडील क्रिस अमेरिकेच्या हॉकीतलं दैवत. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही, मग यांच्या अमेरिकन पासपोर्टांचं काय, असं पत्रकार विचारत आणि उत्तरं गुळमुळीत येत. मी हे वाचून हसले होते. नंतर वाटलं, हसण्यासारखं काय आहे? तिशी उलटलेला, मोठ्या लीगच्या वेशीवर वर्षानुवर्षं ताटकळलेला गोलकीपर. त्याला कुणी म्हटलं, ये, ऑलिम्पिक खेळ, फक्त नाव आमचं लाव. पापड लाटायला का होईना, बोलावलं तर आहे. आणि दुसऱ्या बाजूला, त्या संयुक्त कोरियन संघात उत्तरेच्या तिघींना दर सामन्यात खेळवायची अट होती, त्यामुळे वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या दक्षिणेच्या मुली बाहेर बसत होत्या. घरच्या लेकींनी उंबऱ्यावर बसून पाहुणीचं ताट बघायचं. त्यांचं मला कुणी विचारलं तर मी त्यांच्याही बाजूची आहे.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. भारत मूळ धाडत नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की भारताचा गेला. ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर कितीही वेळा या, राहा, पण शेतजमीन नाही, मत नाही आणि भारताची जर्सीही नाही. २००८ पासून सरकारचं हेच धोरण आहे. खेळायचंच असेल तर फुटबॉलपटू अराता इझुमीसारखं करावं लागतं. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानचा. पुणे एफसीकडून खेळायचा. माझा भाऊ बालेवाडीला त्याला बघायला जायचा आणि 'आपला जपानी' म्हणायचा. त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं, नीलकंठ खंभोळजा असं नाव घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. एका पासपोर्टाच्या बदल्यात दुसरा, उसनवारी नाही. उलट दिशेनं जाणारेही आहेतच. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून खेळला, पुढे शिकायला अमेरिकेत आला आणि जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं अमेरिकेकडून कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला तीन धावांवर घालवलं. आमच्या बैठकीत त्या दिवशी पंधरा मराठी माणसं होती. कोहली बाद झाला तेव्हा कुणालाच ओरडावं की गप्प बसावं कळेना. शेवटी कुणीतरी "मुंबईचाच आहे" म्हणालं आणि सगळ्यांना मोकळं वाटलं.

आणि भारताची जर्सी नसते असंही नाही. लेहला हिवाळ्यात तळी गोठली की मुली त्यावर खेळतात. देशाच्या महिला संघात बहुतेक त्याच, लडाखच्या. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून त्यांनी पहिला सामना जिंकला, २०२५ मध्ये आशिया कपचं कांस्य आणलं. ते फोटो मी लेकीला दाखवले. "यांच्याकडून मी खेळू शकते?" विचारलंन. मी नाही म्हणाले. का, ते सांगायला गेले तर पासपोर्ट काढून दाखवावे लागले. तिचा निळा. माझाही आता निळा. आणि त्याखाली माझा जुना, परत आलेला, आत 'रद्द' असा शिक्का मारलेला. त्याच्या मुखपृष्ठावरच्या सिंहांवरून तिनं बोट फिरवलं. सोनेरी रंग बराच उडालाय. "तीनच आहेत," ती म्हणाली, आणि पासपोर्ट उलटा करून मागच्या बाजूला चौथा शोधला.

शनिवारी सकाळी दहाला सामना, सांगलीत रात्रीचे साडेआठ. आईला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि फोन काचेला टेकवून धरला. तिला आता नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. "आपली कुठली?" तिनं विचारलं. म्हटलं, निळी. "निळी ना, मग ठीक आहे," असं म्हणून तिनं चष्मा पुसायला घेतला. समोर स्वीडन, पिवळी. फिनलंड आणि स्वीडनचं किती जुनं वैर आहे ते बर्फावरच्या एकाही पोराला ठाऊक नसावं. सगळा घोळका पकच्या मागे, मधमाश्यांसारखा. "अगं, तिला हाक तरी मार," आई तिकडून म्हणायला लागली. "सगळ्यांची माणसं ओरडतायत. पोरीला कळू दे कुणीतरी आलंय." मी नको नको म्हणत होते. शेवटी काचेवर थापटलं आणि घरातल्या नावानं, मोठ्यांदा, हाक मारली. ती थांबली. वर बघितलं, हेल्मेटच्या जाळीतून हसली, ग्लोव्ह वर करून हात हलवला, आणि तेवढ्यात पक तिच्या दोन स्केटच्या मधून निघून गेला तो थेट आमच्याच गोलमध्ये.

"तरी मी सांगत होते," आई म्हणाली, "मध्येच हाक मारू नको म्हणून."